आकाशवाणीवरचे रामन

गणेशोत्सवातली व्याख्याने ऐकत आपल्यापैकी अनेकांच्या घरातली मागची पिढी वाढली. कीर्तन, इतिहास, संगीत यांच्या जोडीला एखादे शास्त्रीय विषयावरचे व्याख्यानही त्यात असे. ज्ञान मांडवात आणून सर्वांपुढे ठेवायचे, ही आपली जुनी रीत. म्हणून यंदाच्या स्मरणिकेसाठी आम्ही सर चंद्रशेखर वेंकट रामन यांचे चरित्र निवडले. त्यांचे नोबेल पारितोषिक सर्वांना ठाऊक आहे. आकाशवाणीवरून साध्या श्रोत्यांना विज्ञान समजावून देणारे रामन मात्र थोड्यांच्याच लक्षात आहेत.

त्यांचा जन्म ७ नोव्हेंबर १८८८ रोजी तिरुचिरापल्लीजवळ झाला. वडील गणित आणि पदार्थविज्ञानाचे अध्यापक. मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजातून रामन १९०४ साली बी.ए. आणि १९०७ साली एम.ए. झाले. प्रकृती तोळामासा. विलायतेची हवा मानवणार नाही असे डॉक्टरांनी सांगितल्याने परदेशी शिक्षणाचा विचार मागे पडला. मग वित्त खात्याची परीक्षा दिली, पहिला क्रमांक मिळवला आणि वयाच्या अठराव्या वर्षी ते कलकत्त्यात असिस्टंट अकाउंटंट जनरल म्हणून रुजू झाले.

तिथे बहूबाजार रस्त्यावर त्यांना एका संस्थेची पाटी दिसली. इंडियन असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्स ही ती संस्था. डॉ. महेंद्रलाल सरकार या वैद्यकी करणाऱ्या गृहस्थांनी १८७६ साली ती स्थापन केली होती. आपल्या लोकांनी विज्ञान ऐकावे, शिकावे आणि स्वतः करून पाहावे, हा तिचा उद्देश. व्याख्याने झाली, पण प्रयोगशाळा बरीचशी ओस होती. रामन पहाटे तिथे जात, मग कचेरी, आणि संध्याकाळी पुन्हा तिथेच. रंगूनला आणि नंतर नागपूरला बदली झाली, तेव्हा एवढा खंड पडला. वीणा, तंबोरा, व्हायोलिन आणि पुढे मृदंग-तबल्याच्या नादावरचे त्यांचे संशोधन याच काळात सुरू झाले. १९१७ साली कलकत्ता विद्यापीठाने प्राध्यापकपद देऊ केले. पगार बराच कमी होता, तरी त्यांनी सरकारी नोकरी सोडली. आम्हा नोकरदारांना त्या निर्णयाचे वजन चांगले कळते.

१९२१ साली ते प्रथमच इंग्लंडला गेले. परतताना भूमध्य समुद्राचा गडद निळा रंग पाहून ते विचारात पडले. समुद्रात आकाशाचे प्रतिबिंब पडते म्हणून तो निळा, असे तेव्हा मानत. रामन यांनी जवळच्या लोलकाने पृष्ठभागावरून परावर्तित होणारा प्रकाश अडवून पाहिला. निळाई गेली नाही, उलट अधिक खुलली. म्हणजे पाण्याचे रेणूच प्रकाश विखुरतात आणि त्यात निळा रंग जास्त विखुरला जातो. त्याविषयीचे टिपण जहाज मुंबई बंदरात असतानाच नेचर नियतकालिकाला रवाना झाले.

पुढे सात वर्षे हाच माग चालला. २८ फेब्रुवारी १९२८ रोजी, के. एस. कृष्णन यांच्या साथीने केलेल्या प्रयोगांतून, निष्कर्ष हाती आला. पारदर्शक द्रवातून विखुरलेल्या प्रकाशाचा अगदी थोडा भाग रंग बदलून बाहेर पडतो आणि त्या बदलावरून पदार्थाचे रेणू ओळखता येतात. आज औषधातली भेसळ तपासायलाही हीच पद्धत वापरतात. दुसऱ्याच दिवशी रामन यांनी ही बातमी वृत्तपत्रांना दिली. १९३० साली नोबेल पारितोषिक मिळाले.

१९३३ साली ते बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेचे संचालक झाले. इथे एक प्रसंग सांगितल्याशिवाय आम्हांला पुढे जाता येत नाही, कारण तो आपल्या इंदूरच्या लेकीचा आहे. १९११ साली इंदुरात जन्मलेल्या कमला भागवत मुंबई विद्यापीठाची पदवी उत्तम गुणांनी घेऊन तिथे प्रवेश मागायला गेल्या. केवळ स्त्री म्हणून रामन यांनी त्यांना नकार दिला. त्या हटल्या नाहीत. शेवटी एक वर्ष त्यांचे काम पाहून मगच ठरवायचे, अशा अटी घालून रामन यांनी प्रवेश दिला. कमलाबाईंनी अटी पाळल्या, कामाने उत्तर दिले आणि त्यांच्यामागून इतर मुलींना तिथली दारे उघडली. पुढे त्यांनी केंब्रिजची पीएच.डी. मिळवली. लग्नानंतरच्या डॉ. कमला सोहोनी त्या याच. दुर्गाबाई भागवत त्यांच्या भगिनी. रामन यांचे मोठेपण सांगताना हे झाकून ठेवणे आम्हांला बरोबर वाटत नाही. विज्ञान सर्वांचे म्हणणाऱ्याच्या मनातही सर्वांमध्ये कोण कोण येते, याची एक यादी असू शकते. कमलाबाईंनी ती यादी वाढवून घेतली.

रामन यांनी आकाशवाणीवर दिलेली भाषणे १९५१ साली न्यूयॉर्कमध्ये द न्यू फिजिक्स या नावाने पुस्तकरूपाने निघाली. भाषणे इंग्रजीत होती, पण रोख विद्वानांकडे नव्हता. रेडिओवर फळा नाही, उपकरण दाखवता येत नाही. श्रोत्याने कधी पाहिलेच नाही ते त्याला कसे दाखवणार? रामन यांनी त्याने रोज पाहिलेलेच घेतले. पाण्यावरचे त्यांचे भाषण प्रसिद्ध आहे. नाईलकाठची हिरवाई आणि शेजारचे वाळवंट यांत फरक पाण्याचा, इथून ते सुरुवात करतात. मग आपल्याकडच्या पावसाळी तळ्यांचा गढूळ रंग. तो रंग म्हणजे शेतातून वाहून आलेली माती. तिथून जमिनीची धूप, बांधबंदिस्ती आणि झाडे लावण्याची निकड. तळे सर्वांनी पाहिलेले असते. त्या गढूळ पाण्यातून आपली सुपीक जमीन चालली आहे, हे ऐकल्यावर श्रोता तळ्याकडे पूर्वीसारखा पाहत नसेल.

निष्कर्ष हातावर ठेवून ते थांबत नसत. आधी काय दिसते, मग तसे का, आणि ते पडताळायचे कसे, असा क्रम असे. १९४८ साली त्यांनी बंगळुरात स्वतःची संशोधनसंस्था उभी केली. १९५४ साली भारतरत्न मिळाले. १९६८ च्या डिसेंबरात, ऐंशी वर्षांचे असताना, त्यांनी अहमदाबादच्या विज्ञान केंद्रात आकाश निळे का, हाच विषय मांडला. २१ नोव्हेंबर १९७० रोजी बंगळुरात त्यांचे निधन झाले. २८ फेब्रुवारी आता राष्ट्रीय विज्ञान दिन म्हणून पाळतात.

आज रेडिओची जागा मोबाईलने घेतली. अमुक काढ्याने साखर उतरते, तमुक पाल्याने गुडघे बरे होतात, असे निरोप आपल्या प्रत्येकाच्या घरी रोज येतात. त्यांत निष्कर्ष असतो, पण कोणी पाहिले, किती जणांवर पाहिले, हे नसते. रामन यांचा क्रम इथे लावून पाहावा, म्हणजे निम्मे निरोप पुढे न जाता आपल्यापाशीच थांबतील.

मंडळाकडे आमची एक सूचना आहे. पुढल्या वर्षीच्या दहा दिवसांत एक संध्याकाळ शास्त्रीय व्याख्यानाला द्यावी. वक्ता गावातलाच डॉक्टर किंवा अध्यापक असावा, विषय रोजच्या पाहण्यातला असावा, आणि पहिला प्रश्न विचारण्याचा मान एखाद्या शाळकरी मुलीला मिळावा.