अ‍ॅस्पिरिनचे श्रेय आणि आयखेनग्रून
अ‍ॅस्पिरिनची गोळी घेताना ती प्रथम कोणी घडविली, याचा विचार सहसा कोणी करीत नाही. ग्रंथांतून फेलिक्स हॉफमन यांचे नाव आढळते, आणि वडिलांच्या संधिवातावर उतारा शोधणाऱ्या सुपुत्राची हृद्य कथाही. आर्थर आयखेनग्रून हे नाव मात्र क्वचितच कानी पडते.

आखेन येथील ज्यू कापडव्यापाऱ्याच्या घरी १८६७ मध्ये जन्मलेले हे रसायनज्ञ १८९६ मध्ये बायर कंपनीत आले. डांबरापासून रंग बनविणाऱ्या जर्मन कारखान्यांना तेव्हा औषधांचा नवा मार्ग गवसला होता. अँटिपायरिन, अँटिफेब्रिन आणि बायरचेच फेनासेटिन ही कृत्रिम ज्वरनाशके १८८४ ते १८८८ या काळात एकामागून एक बाजारात आली होती. सॅलिसिलिक आम्लही गुणकारी खरे, पण जठराला ते सोसवत नसे. ऑगस्ट १८९७ मध्ये हॉफमन यांनी त्यापासून शुद्ध अ‍ॅसिटिल सॅलिसिलिक आम्ल तयार केले. हे काम आपल्या सूचनेवरून झाले, असे आयखेनग्रून यांचे म्हणणे. हे औषध हृदयाला घातक म्हणून हाइनरिख ड्रेसर यांनी अडविले, तेव्हा आपण ते स्वतः घेऊन पाहिले व बर्लिनच्या डॉक्टरांकडे गुपचूप पोहोचविले, असेही ते सांगत. १८९९ मध्ये अ‍ॅस्पिरिन विक्रीस आले.

१९०८ मध्ये बायर सोडून त्यांनी बर्लिनमध्ये स्वतःचा कारखाना उभारला. सहजी पेट न घेणारे ‘सेलॉन’ तेथलेच. सुपुत्राची कथा छापली गेली १९३४ मधील एका ग्रंथाच्या तळटीपेत, म्हणजे हिटलर सत्तेवर आल्यानंतरच्या वर्षी. हा योगायोग मानणे कठीण आहे. १९३८ मध्ये आयखेनग्रून यांचा कारखाना गेला. १९४१ मध्ये म्युनिकच्या संग्रहालयात अ‍ॅस्पिरिनच्या स्फटिकांखाली त्यांना ड्रेसर व हॉफमन यांची नावे दिसली. आर्येतरांना प्रवेशबंदीचा फलक दारावरच होता. १९४३ मध्ये सरकारी पत्रात आपल्या नावापुढे सक्तीचा ‘इस्रायल’ शब्द न लिहिल्याबद्दल त्यांना तुरुंगवास घडला, आणि १९४४ मध्ये, वयाच्या शहात्तराव्या वर्षी, टेरेझिएनश्टाटच्या छळछावणीत रवानगी झाली.

सुटकेनंतर १९४९ मध्ये त्यांनी आपली बाजू एका लेखात मांडली. त्याच वर्षाच्या डिसेंबरात ते निवर्तले. २००० मध्ये ब्रिटिश संशोधक वॉल्टर स्नीडर यांनी तो दावा ग्राह्य मानला. बायरने तो फेटाळला. प्रयोग हॉफमन यांच्या हातून झाला, हे आयखेनग्रून यांनीही नाकारले नव्हते. तो कोणाच्या सांगण्यावरून झाला, एवढाच वाद आहे.