उमेदवारीचे फळ : जावजी दादाजी

आमच्या कोपरीतील कितीतरी पालक रोज ठाण्याच्या स्टेशनावर गाडी धरून कामास जातात. त्यांपैकी पुष्कळांस वाटते की, हातांचे कष्ट आपण केले तेवढे पुरे; मुलाने लेखणीच धरावी. ही इच्छा स्वाभाविक आहे. परंतु हातचे काम म्हणजे विद्येचा अभाव, असा समज मुलांच्या मनात रुजू नये, म्हणून आम्ही येथे जावजी दादाजी चौधरी ह्यांचे चरित्र थोडक्यात सांगतो.

जावजींचा जन्म इ. स. १८३९ साली मुंबईत गरीब घरी झाला. शाळेचे शिक्षण बेताचेच झाले. लहान वयातच ते अमेरिकन मिशनच्या छापखान्यात दरमहा दोन रुपयांवर खिळे घासण्याच्या कामास लागले. नागरी खिळे पाडण्याची कला टॉमस ग्रॅहॅम ह्यांनी त्या छापखान्यात पुष्कळ सुधारली होती. पोलादी ठशावर अक्षर उलटे कोरावयाचे, तो ठसा तांब्यावर ठोकून साचा करावयाचा आणि साच्यात शिशाचा रस ओतून खिळा पाडावयाचा. केसभर चूक झाली तरी ओळ वाकडी दिसते. हे कसब पुस्तक वाचून येत नाही. जाणत्याच्या शेजारी बसून, त्याचा हात पाहूनच ते साधते.

पुढे टाइम्स ऑफ इंडिया, इंदुप्रकाश अशा छापखान्यांत जावजींनी अनुभव मिळविला. १८६४ साली त्यांनी खिळे ओतण्याचा स्वतःचा कारखाना काढला व १८६९ साली निर्णयसागर छापखाना स्थापिला. राणोजी रावजी आरू हे अक्षरे कोरण्यात निष्णात असलेले स्नेही त्यांस लाभले. दोघांनी मिळून शिकलेल्या कलेत भर घातली आणि अधिक सुबक, रेखीव अक्षरे घडविली. १८८१ साली मुलांसाठी ‘बालबोध’ मासिक व १८८६ साली संस्कृत ग्रंथांची ‘काव्यमाला’ तेथून निघू लागली. ज्यांस शाळा फारशी लाभली नाही, त्यांच्या छापखान्यातील पुस्तके मोठमोठे पंडित विश्वासाने हाती घेत. १८९२ साली जावजी निवर्तले; पुत्र तुकाराम जावजींनी काम पुढे चालविले.

मिशनच्या छापखान्याने आपली कला झाकून ठेविली असती, तर खिळे घासणारा मुलगा खिळेच घासत राहिला असता. आज शिकाऊ उमेदवारांसाठी १९६१ चा कायदा आहे. कायद्याने कारखान्यात जागा मिळते. परंतु मन लावून शिकणे उमेदवाराकडे आणि हातचे न राखता शिकविणे जाणत्या कारागिराकडेच असते. पालकहो, आपले कसब मुलांपासून लपवू नका. आणि विद्यार्थ्यांनो, आज सायंकाळी वडिलांस त्यांच्या कामाविषयी एक तरी प्रश्न विचारा.