सर आर्थर कॉटन

तंजावर हे नाव मराठी माणसाला परके नाही. छत्रपती शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे यांनी सतराव्या शतकात तेथे राज्य स्थापन केले. कावेरीच्या गाळाने सुपीक झालेला हा भातशेतीचा प्रदेश; परंतु एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी तेथील शेतकऱ्यांवर पाण्याचे संकट ओढवले.

तिरुचिरापल्लीजवळ मुक्कोंबू येथे कावेरीचे दोन प्रवाह होतात. उत्तरेकडील कोल्लिडमचा उतार अधिक असल्याने पाणी तिकडे धाव घेऊ लागले आणि दक्षिणेकडील कावेरीचे पात्र गाळाने भरत चालले. नदी दुथडी भरून वाहत असतानाही शेते तहानलेली राहू लागली.

या प्रश्नाची पाहणी १८२८ साली आर्थर कॉटन या तरुण अभियंत्याकडे आली. १८०३ साली इंग्लंडमध्ये जन्मलेले कॉटन अठराव्या वर्षी मद्रासला आले होते. आपल्या विद्येचा अभिमान न बाळगता त्यांनी चोळ राजा करिकाल याने बांधल्याचे मानले जाणारे कल्लणै हे प्राचीन धरण अभ्यासले. वाळूत मोठे दगड टाकायचे आणि ते रुतून स्थिर झाले, की त्यांवर पुढील बांधकाम रचायचे, ही जुन्या कारागिरांची युक्ती त्यांनी हेरली. खडकापर्यंत पाया न नेताही नदी अडवता येते, हे त्यांना उमगले.

या ज्ञानाच्या आधारे १८३६ साली कोल्लिडमवर दोन बंधारे उभे राहिले. मुक्कोंबूच्या बंधाऱ्याने पाणी पुन्हा कावेरीकडे वळवले. काम मात्र निर्दोष नव्हते. कावेरीत पाण्याचा जोर वाढून तिचा तळ खरवडला जाऊ लागला. त्यामुळे पुढे नवी बांधकामे करावी लागली. तरीही तंजावरची शेती सावरली आणि सरकारचा महसूलही वाढला.

पुढे १८४७ ते १८५२ या काळात कॉटन यांनी गोदावरीवर धवळेश्वरम येथे बंधारा बांधला. दुष्काळी देशाला रेल्वेपेक्षा कालव्यांची गरज अधिक आहे, हे मत त्यांनी अखेरपर्यंत मांडले. १८९९ साली, वयाच्या शहाण्णवाव्या वर्षी त्यांचे निधन झाले.

२०१८ च्या पुरात मुक्कोंबूच्या जुन्या बंधाऱ्याचे नऊ दरवाजे वाहून गेले आणि त्याच्याजवळ नवा बंधारा बांधावा लागला. नदी आपली वाट बदलते, पाऊसही लहरी होतो. अशा वेळी पूर्वजांच्या अनुभवातून शिकून नव्या संकटावर उपाय शोधावा लागतो. कॉटन यांच्या कार्याचे महत्त्व यातच आहे.