झोप-जागेचे केंद्र शोधणारे डॉ. कॉन्स्टंटिन फॉन इकोनोमो

झोप म्हणजे केवळ थकलेल्या शरीराची विश्रांती नव्हे. झोप आणि जाग या दोहोंचे नियमन मेंदूचा एक लहानसा भाग करतो, हे रुग्णांच्या अभ्यासातून दाखवून देणारे मेंदूविकारतज्ज्ञ म्हणजे डॉ. कॉन्स्टंटिन फॉन इकोनोमो.

ग्रीक कुटुंबातील इकोनोमो यांचा जन्म १८७६ मध्ये रुमानियातील ब्राइला येथे झाला. त्यांचे बालपण त्रिएस्त या बंदरात गेले. वडिलांच्या इच्छेखातर त्यांनी व्हिएन्ना येथे दोन वर्षे अभियांत्रिकीचे शिक्षण घेतले. मात्र ओढा वैद्यकाकडे असल्याने १९०१ मध्ये ते डॉक्टर झाले. ऑस्ट्रियातील आरंभीच्या वैमानिकांमध्येही त्यांची गणना होते.

पहिल्या महायुद्धात ते वैमानिक म्हणून आघाडीवर होते. युद्धात भावाचा मृत्यू झाल्यावर आईवडिलांच्या आग्रहामुळे ते व्हिएन्नातील रुग्णसेवेकडे परतले. लवकरच तेथे एका विलक्षण आजाराचे रुग्ण येऊ लागले. काही जण जेवता जेवता झोपी जात आणि आठवडेच्या आठवडे झोपून राहत. काहींना मात्र झोपच येत नसे. निद्रारोग ठरलेल्या या मेंदूदाहाचे वर्णन इकोनोमो यांनी १९१७ मध्ये प्रसिद्ध केले.

मृत रुग्णांच्या मेंदूंची त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी केली. झोपाळू रुग्णांच्या हायपोथॅलॅमसच्या मागील भागाला, तर निद्रानाश झालेल्यांच्या पुढील भागाला इजा झालेली आढळली. यावरून मागील भाग जागे ठेवतो आणि पुढील भाग झोप आणतो, असा निष्कर्ष त्यांनी काढला. दिवसा अनावर झोप आणणाऱ्या नार्कोलेप्सीचे मूळही याच परिसरात असावे, असे त्यांचे मत होते. १९३१ मध्ये हृदयविकाराने त्यांचे निधन झाले.

त्यांच्या मताला जनुकशास्त्राने बळ दिले. हायपोथॅलॅमसमधील ऑरेक्सिन हे रसायन जाग टिकवते. त्याचा संदेश स्वीकारणाऱ्या ग्राहीच्या जनुकात दोष असलेल्या कुत्र्यांना नार्कोलेप्सी होते, हे १९९९ मध्ये सिद्ध झाले. पुढच्याच वर्षी, या विकाराच्या मानवी रुग्णांच्या मेंदूत ऑरेक्सिन तयार करणाऱ्या पेशी जवळजवळ नाहीशा झालेल्या आढळल्या. माणसांत हा आजार सहसा एकाच जनुकामुळे होत नाही. रोगप्रतिकारशक्तीशी निगडित एका आनुवंशिक घटकामुळे त्याचा धोका वाढतो.

भरदिवसा डुलक्या घेणाऱ्याला आळशी ठरविणे सोपे असते. तो रुग्णही असू शकतो, ही जाणीव समाजाला देण्यात इकोनोमो यांच्या संशोधनाचा मोठा वाटा आहे.