इंदुरी कंपोस्टचे जनक सर अल्बर्ट हॉवर्ड

नांदेड-लातूरच्या काळ्या चिकणमातीत लोह असते, जस्तही असते; मात्र चुनखडी व विम्लता यांमुळे ते मुळांना मिळत नाही. परसातील गुलाबाची कोवळी पाने पिवळी पडून शिरा तेवढ्या हिरव्या राहतात, त्या लोहाअभावी. अशाच काळ्या जमिनीवर सर अल्बर्ट हॉवर्ड यांनी इंदूरला कंपोस्टची पद्धत सिद्ध केली.

१८७३ मध्ये इंग्लंडमध्ये जन्मलेले हॉवर्ड १९०५ मध्ये पुसा येथे वनस्पतिशास्त्रज्ञ म्हणून आले. १९२४ मध्ये होळकरांच्या इंदुरात संशोधन संस्था उभी राहिली. तेथे कापसाच्या पऱ्हाट्या रस्त्यावर अंथरून बैलगाड्यांखाली चिरडल्या जात, गोठ्यात जनावरांखाली पसरल्या जात आणि मग शेण, मूत्र मुरलेली माती व राख यांसह खड्ड्यात कुजविल्या जात. तीन वेळा उलथापालथ केली की तीन महिन्यांत खत तयार होई. येथल्या शेतकऱ्यांना ते आपले गुरू मानत. त्या काळच्या साहेबांमध्ये हे विरळाच. रसायनशास्त्राची बाजू यशवंत वाड यांनी सांभाळली. १९३१ च्या ग्रंथावर दोघांचीही नावे आहेत. सहसंशोधक पत्नी गॅब्रिएल त्याच्या आदल्याच वर्षी निवर्तल्या होत्या.

१९४७ मध्ये हॉवर्ड यांचे निधन झाले. रासायनिक खतांना त्यांचा अखेरपर्यंत विरोध होता. आज मात्र विम्ल जमिनीत हिराकस मुरलेल्या कंपोस्टमध्ये मिसळूनच देतात. नुसता टाकल्यास त्यातील लोह चुनखडीत पुन्हा अडकते.