परक्या मुलखातली काळी आई



आपल्या राजूर परिसरातली कितीतरी कुटुंबे भाताची लावणी उरकली की मजुरीसाठी नारायणगावच्या बाजूला जातात. शिकलेली मुले पुण्या-मुंबईला जातात. तिथे भाषा आपलीच असते, तरीही पहिले काही दिवस परके वाटते. मग जिथली भाषा कळत नाही, अन्न ओळखीचे नाही आणि वर युद्ध चालू आहे, तिथे माणसाने कसे राहावे? सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांचे जीवन आपण या प्रश्नासाठी पाहू या.

त्यांचा जन्म १० ऑक्टोबर १९१० रोजी सोलापूरला झाला. मुंबईच्या सेठ गो. सुं. वैद्यकीय महाविद्यालयातून ते डॉक्टर झाले. त्या काळी जपानने चीनवर आक्रमण केले होते. चीनने मदत मागितली आणि काँग्रेसने पाच डॉक्टरांचे पथक १९३८ च्या सप्टेंबरमध्ये मुंबईहून बोटीने पाठवले. कोटणीस त्यांपैकी एक होते. चुंगकिंगमध्ये असताना त्यांना वडील वारल्याची बातमी समजली. घरी परतण्याची मोकळीक होती, पण जखमी सैनिकांना सोडून ते निघाले नाहीत. घरच्यांसाठी हा निर्णय किती जड गेला असेल, हे आपण समजू शकतो.

पुढे ते उत्तर चीनच्या डोंगराळ भागात आघाडीवर गेले. अंगावर तिथल्या सैनिकांचा साधा गणवेश आणि राहायला खेड्यातले घर. जेवणात मुख्य धान्य राळे. आपल्याकडच्या म्हाताऱ्या माणसांना राळे ठाऊक आहे, पण ज्वारीच्या भाकरीवर वाढलेल्या सोलापूरकराला रोज तेच खाणे सोपे नसणार.

सर्वात अवघड होती ती भाषा. दुखणे दुभाष्याकडून समजून घेता येते, पण धीर दुभाष्याकरवी देता येत नाही. कोटणीस चिनी बोलायला शिकले, वाचायला-लिहायला शिकले आणि पुढे चिनी विद्यार्थ्यांना त्यांच्याच भाषेत शस्त्रक्रिया शिकवू लागले. चिनी लोकांनी त्यांना को दिहुआ हे नाव दिले. कॅनडाचे डॉ. नॉर्मन बेथून १९३९ मध्ये तिथेच सेवा करताना मरण पावले होते. त्यांच्या नावाच्या रुग्णालयाचे प्रमुख म्हणून १९४१ मध्ये कोटणीसांची नेमणूक झाली.

सैनिक त्यांना प्रेमाने काळी आई म्हणत. हा सावळा परदेशी माणूस आईच्या मायेने सेवा करतो, एवढाच त्यांचा भाव. आपल्याकडे काळी आई म्हणजे शेतजमीन, हे त्यांना कुठून माहीत असणार? पण नाव शोभून दिसते.

१९४१ मध्ये त्यांनी परिचर्या शिकवणाऱ्या क्वो छिंगलान यांच्याशी विवाह केला. १९४२ च्या ऑगस्टमध्ये मुलगा झाला. त्याचे नाव यिनहुआ ठेवले. यिन म्हणजे भारत आणि हुआ म्हणजे चीन. त्या सुमारास त्यांना अपस्माराचे झटके येत होते, तरी काम थांबले नाही. ९ डिसेंबर १९४२ रोजी, अवघ्या ३२ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. पथकातले बाकीचे चौघे मायदेशी परतले, हे एकटे राहिले. १९६२ मध्ये दोन्ही देशांत युद्ध झाले, तरी शिजियाझुआंगमधली त्यांची समाधी चिनी लोकांनी जपली.

बंधुभगिनींनो, परकेपणा घालवायला दोन बाजूंनी पावले टाकावी लागतात. कोटणीसांनी त्या लोकांचे अन्न आणि भाषा स्वीकारली, त्या लोकांनी त्यांना नाव आणि घर दिले. आपली मुले बाहेरगावी जातील तेव्हा त्यांना यातले पहिले सांगू या. आणि आपल्या गावात बाहेरून आलेले शिक्षक, परिचारिका, रस्त्याच्या कामावरचे मजूर आहेत, त्यांच्यासाठी दुसरे करू या. त्यांचे नाव विचारावे, घरी चहाला बोलवावे. सुरुवात एवढ्यानेही होते.