बहिरा नादोपासक : बीथोव्हेन

पियानो ऐकण्याची गोडी लागली, पण प्रारंभ कोठून करावा हें उमगत नाहीं, अशा विद्यार्थ्यास आम्ही प्रथम बीथोव्हेनचें चरित्र सांगूं. हा थोर संगीतकार इ. स. १७७० मध्यें जर्मनींतील बॉन शहरीं जन्मला. बाप दरबारीं गायक, परंतु व्यसनी. त्यामुळें कोवळ्या वयांतच संसाराचा भार मुलावर पडला. १७९२ सालीं तो व्हिएन्ना नगरीस गेला आणि लवकरच नामांकित वादक ठरला. त्याचा 'पथेटिक' नांवाचा सोनाटा १७९९ मध्यें प्रसिद्ध झाला. सोनाटा म्हणजे दोन-चार भागांची वाद्यरचना. 'पथेटिक'चा संथ मधला भाग नवख्या श्रोत्यानें आधीं ऐकावा.

ह्याच सुमारास त्याचे कान मंदावूं लागले. वादकास याहून घोर आपत्ति कोणती? १८०२ मध्यें त्यानें भावांस उद्देशून पत्र लिहिलें; त्यांत मरणाचे विचार आहेत, तसा कलेसाठीं जगण्याचा निर्धारही आहे. तें पत्र त्यानें कधींच धाडलें नाहीं. पुढें 'वाल्डस्टाइन' व 'आपासिओनाटा' हे तेजस्वी सोनाटे निर्माण झाले. ते दुसऱ्या पायरीस ऐकावे.

१८१८ पासून लोकांस आपलें बोलणें त्याच्यासाठीं वहींत लिहावें लागे. अशा स्थितींत १८२२ मध्यें त्यानें बत्तिसावा व अखेरचा सोनाटा पुरा केला. त्याचा पूर्वार्ध वादळासारखा, उत्तरार्ध प्रार्थनेसारखा. हा सर्वांत शेवटीं ऐकावा.

१८२७ सालीं तो निवर्तला. जे सूर निर्मात्याच्या कानीं पडले नाहींत, ते आपणांस विनासायास लाभतात. म्हणून, वाचकहो, अखेरचा सूर विरेपर्यंत आपण निश्चल बसावें, एवढेंच आमचें सांगणें.